चौदा सप्टेंबरचा कंदील

वेस्ट विंडसर, २४ ऑगस्ट २०२५

मैत्रीस, जय भीम.

मार्ता कायमची तिच्या देशात परत जाते आहे आणि जाण्याआधी तिला तुझा पत्ता हवा आहे. एवढ्या एका कारणासाठी हे पत्र लिहिते आहे. तुझा फोन मला लागत नाही, मेसेज पोचत नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस हे मला समजतं. तो तुझा प्रश्न. कागद ब्लॉक करता येत नाही. आणि देवनागरी वाचता येत नाही ही सबब सांगू नकोस. दर रविवारी दहा ते अकरा मी ती तुला शिकवली आहे आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

परवा दुपारी घरचा फोन वाजला. "सेन्योरा कमला?" असं कोणीतरी विचारलं आणि मी खुर्चीत बसले. सत्तावीस वर्षांनीही आवाज तोच. मार्ता आता एकाहत्तर वर्षांची आहे. आपल्याकडून गेल्यावर ती वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. गुडघे गेले आहेत. कोस्टा रिकात, कार्तागो नावाच्या गावी, तिची बहीण एकटी असते, तिच्याकडे जाणार. शनिवारी, वीस सप्टेंबरला, नुअर्कहून विमान आहे. त्याआधी चौदा तारखेला बाउंड ब्रुकला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम आहे. 'द गर्ल' येईल का, असं तिने विचारलं. तू छत्तीस वर्षांची आहेस हे मी तिला सांगितलं. रेडमंडहून इथे यायला विमानाने सहा तास लागतात हेही सांगितलं.

"सो?" ती म्हणाली.

विचारल्याशिवाय मी कोणाचा पत्ता कोणाला देत नाही, म्हणून तुला विचारते आहे. हे ऐकून तुझे बाबा म्हणाले, "पत्ते न देण्यात तुझा हात कोण धरणार!" त्या रात्री त्यांना भाजी त्यांची त्यांना वाढून घ्यावी लागली.

तुला दोन वर्षांची असल्यापासून नऊ वर्षांची होईपर्यंत जिने सांभाळलं तिला हो किंवा नाही एवढं तरी कळायला हवं. बाबांना कळव.

आई


वेस्ट विंडसर, १ सप्टेंबर २०२५

मैत्रीस,

आज कामगार दिनाची सुट्टी, पोस्ट बंद. हे उद्या टाकीन.

तुझं उत्तर नाही. बाबा रोज फोन बघतात आणि मला दिसू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन बघतात. तेव्हा जे सांगायचं राहिलं आहे ते सांगून टाकते. मग तुला जे ठरवायचं ते ठरव.

तुला माहीत आहे ते इतकंच: तुझ्या लग्नात तुला मार्ता व्यासपीठावर माझ्या शेजारी उभी हवी होती. मी म्हटलं, तिचा पत्ता नाही. महिन्याभराने बाबांकडून तुला कळलं की पत्ता होता. दर नाताळात तिचं कार्ड यायचं, पाकिटाच्या कोपऱ्यात पत्ता असायचा, आणि ती इथून गाडीने चाळीस मिनिटांवर राहते. तेव्हापासून तू बोलत नाहीस. ते बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. चूक केलंस असंही म्हणता येत नाही.

आता जे माहीत नाही ते.

१९९८ सालचा चौदा सप्टेंबर, सोमवार. लॅबमध्ये एक बॅच वाया गेली होती आणि मला घरी यायला सव्वासात झाले. पोर्चच्या हुकाला रंगीत कागदाचा कंदील टांगलेला होता, आत मेणबत्ती. खाली तू उड्या मारत होतीस. त्याच आठवड्यात एडिसनच्या दुकानात दिवाळीचा माल यायला लागला होता आणि तू हट्ट धरला होतास, सगळ्यांकडे आकाशकंदील असतो, आपल्याकडे का नाही. का नाही ते मी तुला सांगितलं होतं. ज्या सणांनी आपल्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभं केलं ते आपण आपल्या उंबऱ्यावर टांगत नाही. माझ्या वडिलांनी मला सांगितलं, मी तुला सांगितलं. आजही तेच सांगेन.

मला वाटलं, आईने नाही म्हटलं म्हणून तू मार्ताकडून करून घेतलास. तुला मी हात धुवायला वर पाठवलं. मेणबत्ती विझवली, कंदील काढला, पायाखाली सपाट केला आणि रद्दीच्या डब्यात टाकला. मार्ता म्हणाली, "सेन्योरा, तो माझा..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. या घरात मला विचारल्याशिवाय मुलीला काही शिकवायचं नाही, असं म्हटलं. तू खाली आलीस तेव्हा, कंदिलाने पेट घेतला म्हणून काढला, असं तुला सांगितलं. पेट घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं की तो दिवाळीचा नव्हताच. कोस्टा रिकाला स्वातंत्र्य मिळालं त्याची आठवण म्हणून तिथली मुलं चौदा सप्टेंबरला घरी कंदील करतात आणि संध्याकाळी सहाला हातात घेऊन निघतात. मार्ताने बाबांना आधी विचारलं होतं. त्यांनी "शुअर, शुअर" म्हटलं आणि मला सांगायला विसरले. पण पाय माझा होता.

एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. बुधवारी मार्ताने काम सोडते म्हणून सांगितलं, शुक्रवारी गेली. ती तुला न भेटता गेली याचा राग तू तिच्यावर बरीच वर्षं धरलास, मला माहीत आहे. तू शाळेत असताना जा, असं मी तिला सांगितलं होतं.

लग्नात ती हे तुला सांगेल अशी भीती वाटली. म्हणून पत्ता नव्हता.

आणखी एक. तू पडलीस, लागलं, की "मार्ता" म्हणून रडायचीस. हे कारण म्हणून सांगत नाही. काही लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून लिहिलं.

आई


वेस्ट विंडसर, ९ सप्टेंबर २०२५

मैत्रीस,

तुझा मेसेज बाबांनी दाखवला. "बाबा, इज धिस ट्रू?" त्यांनी काय उत्तर दिलं तेही दाखवलं: "हो. आणि विसरलो मी होतो, तेही ट्रू." मग तुझं एकच वाक्य, मार्ताला नंबर द्या. दिला.

तू तिच्याशी एक तास दहा मिनिटं बोललीस असं तिने मला सांगितलं. काय बोललात ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू चौदाला येणार नाहीस हेही तिनेच सांगितलं. बरं.

मला मात्र तिने हुकूम सोडला आहे: दोघांनी यायचं आणि येताना कंदील आणायचा. मी म्हटलं, कुठे मिळतो? तिने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "सेन्योरा, विकत घेतलेला कंदील म्हणजे विकत घेतलेला गृहपाठ."

तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी कंदील करते आहे. आयुष्यातला पहिला. बाबांच्या कॉर्नफ्लेक्सचा खोका, जिलेटिनचा कागद आणि डिंक. त्यांच्याकडे घराचा आकार आवडता असतो, म्हणून घर केलं. छप्पर तिरपं झालं. बाबा म्हणाले, "खिडक्या निळ्या कर, चौदा एप्रिलला पण वापरता येईल." मी म्हटलं, दुसऱ्याच्या सणात आपली काटकसर घुसवायची नाही. तर म्हणतात, "अगं, स्वातंत्र्याचा आहे ना? मग बाबासाहेबांचं काय बिघडतंय?" एक खिडकी निळी केली आहे.

उंची बारा इंच, रुंदी नऊ. आत बॅटरीचा दिवा. मेणबत्ती नको.

आई


वेस्ट विंडसर, १५ सप्टेंबर २०२५

मैत्रीस,

काल जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण यातलं काही मार्ता तुला सांगणार नाही आणि बाबा सांगतील ते मीठमसाला लावून.

कार्यक्रम सहाचा होता. बाबा पाच वाजता बनियनवर पेपर वाचत बसलेले. "सहा म्हणजे साडेसात. आपली जयंती बघ, पाचची पत्रिका छापतो आणि सातला माइकवाला येतो." मी गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवला. पाच चाळीसला आम्ही तिथे होतो. चर्चच्या मागे वाहनतळ आहे, तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. निम्म्या रिकाम्या.

मार्ता काठी घेऊन उभी होती. तुला आठवते त्याच्या निम्मी झाली आहे. तिने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, कंदिलाकडे पाहिलं. छपरावर बोट ठेवून म्हणाली, "पाऊस आला तर सगळा एका खोलीत." मग हसली. मी तिचा हात हातात घेतला आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

तिची मुलगी योर्लेनी सगळं बघत होती. तुझ्याएवढी असेल, गळ्यात शिटी, हातात यादी. मला आवडली. तिने सांगितलं की गेली अकरा वर्षं मुलं कंदील घेऊन मुख्य रस्त्याने जायची, दुकानदार बाहेर येऊन उभे राहायचे. यंदा रस्त्यावर जायचं नाही, आवारातच दोन फेऱ्या मारायच्या. इमिग्रेशनवाल्यांच्या धरपकडीच्या भीतीने बरीच कुटुंबं आलीच नाहीत. आली होती त्यातल्या आयांची नजर सारखी फाटकाकडे. योर्लेनी हळूच विचारत होती, फाटकापाशी कोणी उभं राहील का, ज्याला कागदपत्रांची काळजी नाही असं कोणी.

"मी राहते," मी म्हटलं.

"नो, नो, आंटी, तुम्ही पाहुण्या."

"खुर्ची दे. म्हातारी बाई दारात खुर्ची टाकून बसली की तिला कोणी काही विचारत नाही."

"आणि विचारलं," बाबा म्हणाले, "तर बिचाऱ्याची उलटतपासणी होईल. मला कोणी वाचवलं नाही, त्याला कोण वाचवणार?"

योर्लेनीला मराठी कळत नाही, पण बाबांचं तोंड बघूनच ती हसायला लागली. आम्ही दोघं फाटकात बसलो. माझ्या पर्समध्ये पासपोर्ट होता. घरून निघताना का घेतला होता कोण जाणे.

सहाच्या ठोक्याला सगळे उभे राहिले. बाबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. राष्ट्रगीत झालं. कोणाच्याही हातात कागद नव्हता, सगळ्यांना पाठ. मग दिवे लागले. गंमत म्हणजे लख्ख ऊन होतं. तिकडे सहाला अंधारतं, इथे सप्टेंबरात सातपर्यंत उजेड असतो. पण सहा म्हणजे सहा, म्हणून उन्हातच कंदील पेटवून पोरं रांगेत चालली. घरं, बैलगाड्या, एक चर्च, आणि मार्ताच्या नातीने केलेला वॉशिंग मशीनचा कंदील, आजीच्या लॉन्ड्रीच्या नावाने. त्याच्या गोल काचेतून दिवा दिसत होता. आमचं तिरपं घर एका लहान मुलीला दिलं. तिचा कंदील बसमध्ये चेपला होता.

दुसऱ्या फेरीला मार्ता काठी टेकत फाटकापाशी आली, दोन कप घेऊन. गुळाचं गरम पाणी. हो, गूळच. वाटीत ओतून थिजवलेला, आपल्याहून काळा. बाबांनी आपली खुर्ची तिला दिली आणि फाटकाला टेकून उभे राहिले.

मी म्हटलं, "मार्ता, त्या दिवशी मी चुकले. मला वाटलं तो..."

"दिवाली," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मिस्टर ज्ञानने त्याच आठवड्यात सांगितलं."

मी बाबांकडे, म्हणजे तिच्या मिस्टर ज्ञानकडे, पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

"माहीत होतं, तर मग गेलीस कशाला?"

"कंदील मोडला म्हणून कोणी नोकरी सोडतं का, सेन्योरा? पोरं दरवर्षी चार मोडतात. मी बोलत होते आणि तुम्ही मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही, म्हणून गेले."

मैत्री, तोंड बंद करून बसवणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. नागपूरला शाळेत मला उत्तर येत असूनही हात वर केला की बाई दुसरीकडे बघायच्या. त्यावर मी आपल्या मंडळात भाषणं दिली आहेत.

"मग आता पूर्ण कर," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

"हे मला ऐकायचंय," बाबा म्हणाले. मी त्यांनाही गप्प केलं.

ती वीस मिनिटं बोलली. १८२१ साली खबर घोड्यावरून यायची, आपण मोकळे झालो की नाही हे लोकांना कळत नव्हतं, म्हणून लोक कंदील घेऊन घराबाहेर पडले, असं तिकडे मुलांना सांगतात. आमच्या देशाला सैन्य नाही, म्हणाली, आमच्याकडे परेडला रणगाडे नसतात, कागद आणि डिंक असतो. हे सगळं मी ऐकत होते. मग तिने त्या दिवशीचं सांगितलं. त्या संध्याकाळी तिकडे कार्तागोला तिची मुलगी आजीजवळ बसून कंदील करत होती. मुलगी दोन वर्षांची असताना मार्ता तिला ठेवून इकडे आली होती. त्या सात वर्षांत दोघी दोनदा भेटल्या होत्या. त्या वर्षी फोनवर मुलीने विचारलं, तू पण तिथे करशील का, म्हणजे दोघींचा एकाच दिवशी होईल. म्हणून मार्ताने तुला घेऊन केला. "तो माझा" म्हणून जे वाक्य मी तोडलं, ते असं होतं: तो माझ्या मुलीचा आहे.

ती मुलगी म्हणजे योर्लेनी. बारा वर्षांची झाल्यावर इकडे आली.

सात वर्षं ही बाई माझ्या घरी रोज सकाळी सातला यायची. तिला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. तुला किती वाजता दूध द्यायचं, किती वाजता झोपवायचं, याचा तक्ता मी तिला टाइप करून दिला होता.

मी मध्ये एकदाही बोलले नाही. बाबा साक्षीदार आहेत. तिचं बोलून झाल्यावर मी फक्त सॉरी म्हटलं, आणि ती म्हणाली, "पाणी प्या, गार झालं." फाटकातून शेवटपर्यंत कोणी आलं नाही. रिकाम्या खुर्च्या आम्ही दोघांनी उचलून ठेवल्या.

आई


नुअर्क विमानतळ, २० सप्टेंबर २०२५

मैत्रीस,

तुझं खोकं बुधवारी आलं. वर लिहिलं होतं: मार्तासाठी. आई, प्लीज उघडू नकोस. उघडलं नाही. बाबांनी कानाशी नेऊन हलवून पाहिलं, ते मी थांबवलं.

बाउंड ब्रुकचा पत्ता तुझ्याकडे आहे. खोकं तू थेट तिकडे पाठवू शकली असतीस. माझ्याकडे पाठवलंस. हे माझ्या लक्षात आलं आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

योर्लेनी आणि तिच्या मुलीबरोबर आम्हीही सोडायला आलो. मार्ता व्हीलचेअरमध्ये बसायला तयार नव्हती. "आले तेव्हा चालत आले," म्हणे. योर्लेनीने स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावलं, मी इंग्रजीत सुनावलं, मग बसली. आत जाताना तिने नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग मुलीचं, मग माझं. बाबांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणून ते पार्किंगचं तिकीट शोधत राहिले. ते खिशातच होतं.

ती गेली. मी इथे बाकावर बसून लिहिते आहे. बाबा कॉफी आणायला गेले आहेत, म्हणजे वीस मिनिटं मिळतील.

तुझ्याकडे यायला दोन ऑक्टोबरचं सिअ‍ॅटलचं विमान मी बघून ठेवलं आहे. तिकीट परत करता येतं. तू नको म्हणालीस तर परत करीन आणि त्यावर एक शब्द बोलणार नाही. तुझ्याकडे उतरायचं नाही म्हणालीस तर हॉटेलात उतरेन. येते ती वाद घालायला येत नाही. तुला काय बोलायचं ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. मला जमतं, हे आता माहीत झालं आहे.

आजच्या देवाणघेवाणीची नोंद खाली करते. तुझ्याकडे असावी.

मार्ताला दिलं:

१. तुझं खोकं. टेप शाबूत. तिने विमानात उघडते असं सांगितलं.

२. फोटो अकरा, १९९१ ते १९९८. सगळ्यांत तू आणि ती. अल्बममध्ये त्या जागा रिकाम्या का आहेत असं तू एकदा विचारलं होतंस. फोटो मी काढून कपाटात ठेवले होते.

३. बाबांचा लोकरी स्वेटर, विमानात गार वाजतं म्हणून. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मार्ताकडून मिळालं:

१. काळ्या गुळाच्या दोन ढेपा. बाबांसाठी. त्यांची शुगर बघता एक शेजारी देणार.

२. वही एक, हिरव्या पुठ्ठ्याची, पानं बावीस. तू लहान असताना आपले शब्द तिने स्पॅनिश अक्षरांत लिहून ठेवले होते, तुझ्याशी बोलता यावं म्हणून. पाणी, नको, हात धू, झोप, कुठे लागलं. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, "आई येते", आणि शेजारी तेच स्पॅनिशमध्ये. मराठीतलं तिला रोज लागायचं, साडेपाचपासून. स्पॅनिशमधलं दर रविवारी, फोनवर. वही मैत्रीच्या हातातच द्यायची, पोस्टाने पाठवायची नाही, असं तिने मला दोनदा बजावून दिली. माझ्या पर्समध्ये आहे. पोच बाकी.